यादीतलं पहिलं नाव

आमची वस्ती कृषी विद्यापीठाच्या कुंपणाला लागून. वस्तीतले निम्मे लोक त्यांच्याच शेतावर रोजानं जायचे. म्हणून विद्यापीठ वस्तीसाठी पैसे द्यायचं. आधी नळ आला, मग शाळेवर नवे पत्रे. माझ्या लग्नाला तीन वर्षं झाली होती, तेव्हा त्यांनी बालवाडीची खोली बांधून दिली. मुलं सांभाळणाऱ्या बाईचा पगारही तेच देणार होते. बाई वस्तीतलीच हवी आणि चौथी शिकलेली हवी, एवढीच अट. तशी मी एकटीच होते.

सगळ्यात जास्त आनंद थोरल्या जाऊबाईंना झाला. त्यांची मुलगी दोन वर्षांची. बियाण्याच्या ज्वारीच्या कणसांना कागदी पिशव्या बांधायला जाताना त्या तिला बांधावर, लिंबाखाली निजवायच्या. "आता तुझ्यापाशी ठिवीन आन् बिनघोर जाईन," म्हणाल्या. स्वतःचं ठेवणीतलं पातळ त्यांनी मला नेसायला दिलं.

विद्यापीठाचे साहेब माझं वाचन बघायला आले तेव्हा बाकीच्या बायका कामावर होत्या. खोलीपुढे सगळे पुरुषच, सासरेही बसलेले. साहेबांनी कामावरच्या माणसांची यादी माझ्या हातात दिली.

"ताई, एवढं वाचून दाखवा. वरून सुरू करा."

पहिलंच नाव आमच्या मालकांचं होतं.

अक्षर न् अक्षर दिसत होतं. पण सासऱ्यांसमोर, एवढ्या माणसांत नवऱ्याचं नाव तोंडातून निघेना. मी खाली बघत उभी राहिले.

"अक्षरं ओळखता ना?" साहेबांनी विचारलं.

मागून कोणीतरी म्हणालं, "साहेब, चौथीत चार वर्सं बसली आसंल!" सगळे हसले. साहेबांनी कागद हळूच माझ्या हातातून काढून घेतला.

घरी आल्यावर सासरे सासूबाईंना म्हणाले, "सून मर्यादेची हाय. येवढ्या लोकांत नाव न्हाई घेतलं." म्हणजे त्यांना कळलं होतं. खोटं कशाला लिहू, ते ऐकून मला बरंच वाटलं.

संध्याकाळी जाऊबाई कपाळाला हात लावून बसल्या. "आगं, दुसऱ्या नावापासनं वाचायचं!"

"साहेब वरून म्हणाले."

"मग खोकायचं आन् फुडं जायचं! उद्या हापिसात जाऊन सांग, मला वाचता येतंय म्हणून."

गेले. फाटकापर्यंत. वॉचमननं काय काम म्हणून विचारलं आणि मी माघारी फिरले. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी गेलेच नाही. जाऊबाईंना सांगितलं, साहेब भेटत नाहीत. पुढं तो पगार रस्त्यापलीकडच्या वस्तीला मिळाला आणि आमच्या खोलीला कुलूप लागलं.

त्याच हंगामात पाटाला पाणी सुटलं होतं. जाऊबाईंची मुलगी लिंबाखाली झोपेतून उठली आणि पाटाकडे चालत गेली. त्या चार ओळी पलीकडे पिशव्या बांधत होत्या. आणलं तेव्हा तिच्या एका पायात वाळा होता, दुसऱ्यातला वाहून गेला होता.

जाऊबाई मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. मधे किती वर्षं गेली. परवा त्यांनी लाइटचं बिल वाचायला दिलं. वर आमच्या मालकांचं नाव. मी सरळ मोठ्यानं वाचलं आणि मग जीभ चावली. त्यांनी बिलाची घडी घालून कमरेला खोचली.

"येवढंच हुतं गं," म्हणाल्या.

फाटकाचं मी तेव्हाही त्यांना सांगितलं नाही.