लंकाबाईचा स्टॉक एकेरी आला

लंकाबाईच्या वाफ्यातली सगळी कामाची रोपं उपटली गेली, त्यात तिचा दोष चिमूटभर. बाकीचा सगळा हर्षलचा. हर्षल म्हणजे ही गोष्ट लिहिणारा. गावात त्याचं रिचार्ज आणि झेरॉक्सचं दुकान आहे. लोक त्याला शिकलेला समजतात आणि अधूनमधून तोही तसं समजतो, त्यातूनच हे रामायण झालं. यापुढे तो या गोष्टीत फारसा येत नाही, ते सगळ्यांच्याच भल्याचं आहे.

दिवाळी उरकून थंडी पडायला लागली होती. नगरहून सिल्व्हिया सिस्टरांचा फोन आला. लंकाबाईचा मोबाईल कायम बंद पडलेला, म्हणून तिचे निरोप हर्षलच्या दुकानावर यायचे.

"लंकाला सांग, त्या स्टॉकच्या फुलाची रोपं जरा पानांवर आली की विरळणी करायची. गडद हिरवी उपटायची, फिकी पिवळसर ठेवायची. कळलं का रे?"

हर्षलला कळलं. कळलं ते असं, की सिस्टरांचं सगळं आयुष्य दवाखान्यात गेलं, शेतीत त्यांना काय गम्य. बोलण्याच्या भरात उलटसुलट झालं असणार. पिवळं रोप ठेवून हिरवं उपटणारा शेतकरी अख्ख्या पारनेर तालुक्यात कुणी पाहिलाय? म्हणून त्यानं निरोप दुरुस्त करून पोचवला: पिवळी काढा, हिरवी ठेवा.

"मंग त्याला फोन कशाला करायचा?" लंकाबाई म्हणाली. "जलम शेवंतीत गेला माजा. मरतुकडं रोप काढायचं असतं ह्ये मला सांगायला पायजे व्हय?"

तिनं वाफ्याकडेला बसून चिमटीनं एकेक पिवळं रोप काढलं आणि पाटीभर शेळीपुढं टाकलं. उरलेली अशी टवटवीत दिसायला लागली, की तिचा नवरा गोरक्ष, ज्यानं बायकोच्या कुठल्याच कामाला कधी बरं म्हटलं नव्हतं, तोही बांधावर थांबून म्हणाला, "झ्याक दिसतंय."

पुढच्या आठवड्यात सिस्टर एसटीनं स्वतः आल्या. वाफ्यापाशी उभ्या राहिल्या, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

"लंका, फिकी रोपं कुठायत?"

"ती व्हय? शेळीनं खाल्ली."

सिस्टर बांधावर बसल्याच. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. स्टॉकचं बी टाकलं की निम्मी रोपं एकेरी निघतात, निम्मी दुहेरी. दुहेरीचं फूल गुलाबासारखं भरगच्च, बाजारात त्यालाच गिऱ्हाईक. आणि ते रोप लहानपणी नेमकं फिकं असतं. गडद हिरव्याला एकेरी फूल येतं, चार पाकळ्यांचं.

"म्हंजी ह्ये सगळं..."

"एकेरी."

लंकाबाईनं पदर खोचला. मग म्हणाली, "पुन्यांदा बी टाकू."

"बी पुण्याहून मागवायचं, ते येणार, उगवणार. तोवर ऊन तापेल. या फुलाला ऊन सोसत नाही गं. माघात काही मिळायचं नाही."

माघात मिळायला हवं होतं. सगळा खटाटोप त्यासाठीच होता.

बायडाबाई ही लंकाबाईची थोरली जाऊ. वाटणी झाल्यापासून दोघींची रानं शेजारी, मधे एक बांध. त्या बांधानं जेवढी भांडणं ऐकली तेवढी पारनेरच्या कोर्टानं ऐकली नसतील. पाण्याच्या पाळीवरून, कोंबड्यांवरून, कुणाची भाकरी जाड यावरून. बायडाबाई उंच, काळी, आवाज विहिरीपल्याड जाणारा. जन्मभर शेवंती तोडली, तरी ओंजळीत आलेलं पहिलं फूल नाकाला लावल्याशिवाय पाटीत टाकायची नाही.

"आक्का, नाक हाय का भाता?" लंकाबाई म्हणायची. "निम्मा वास तूच वढून घेती, मंग बाजारात भाव कसा यायचा?"

"तुज्या नाकाला शेंबडाबिगर काय म्हाईत हाय का?"

असं दिवसभर चालायचं. आणि संध्याकाळी कालवणाची वाटी बांधावरून इकडून तिकडं नाहीतर तिकडून इकडं जायची. वाटी गेली की भांडण मिटलं, असा कायदा होता.

दोन वर्षांमागं बायडाबाईच्या अंगावर सूज आली. नगरच्या दवाखान्यात ठेवली. तिचा नवरा कधीचाच वारलेला. मुलगा राम चाकणला कंपनीत, त्याला रजा मिळेना. उशाशी लंकाबाई राहिली. सिस्टर तेव्हा त्याच वॉर्डात होत्या, निवृत्तीला आलेल्या. घरच्या कुंड्यांतलं एखादं फूल आणून सलाईनच्या रिकाम्या बाटलीत घालून टेबलावर ठेवायची त्यांना सवय.

संध्याकाळी बायडाबाईनं डोळे उघडले. "लंके, ह्यो वास कशाचा गं? लवंगंवानी."

सिस्टरांनी दांडाच आणून हातात दिला. पांढरा, गच्च फुललेला. बायडाबाईनं तो नाकावर धरला तो कितीतरी वेळ काढलाच नाही.

"लंके, ह्ये आपल्या बांधाला लावू. शेवंती लावून लावून वीट आलाय."

लंकाबाई जागरणानं शिणली होती. अंगात त्राण नव्हतं, तोंडात होतं. "आदी उठून बस, मंग लाव. आनि ह्याला घेनार कोन? देवाला चालंना, डोक्यात माळता येईना. तुजं आपलं कायबी."

"तुला कवा माजं पटलंय," असं म्हणून बायडाबाईनं भिंतीकडं तोंड फिरवलं.

सकाळी लंकाबाई खाली चहा आणायला गेली. वर आली तेव्हा चहा देण्यासारखं कुणी नव्हतं.

अस्थी रामनं प्रवरासंगमला सोडल्या. फोटो चाकणच्या फ्लॅटमध्ये लागला. वर्षश्राद्धही तिकडंच झालं, आणि लंकाबाईला ते फोनवर कळलं. जावेला सुतक असतं, पण रडायला ठरलेली जागा नसते. गावातल्या बायका म्हणाल्या, "चला लंकाबाई, बांधावरची कटकट गेली." लंकाबाई त्यांच्याबरोबर हसली, घरी आली आणि आमटीत दोनदा मीठ टाकलं.

ती नगरला फुलं घेऊन गेली की सिस्टरांकडं थांबायला लागली. सुरुवातीला नुसतंच बसायची. एकदा म्हणाली, "शिस्टर, त्याचं बी मिळंल का? आक्का गेली त्या माघातल्या दिसाला ते रानात उभं पायजे. मी न्हाई म्हनले हुते." सिस्टरांनी कुंडीत टाकायला आणलेलं बी सगळंच तिला दिलं. आणि मग हर्षलनं निरोप दुरुस्त केला.

तरी लंकाबाईनं वाफा मोडला नाही. हिरवी तर हिरवी, तीच लावली. थंडीच्या पहाटे पाणी दिलं, मावा आला तेव्हा पानं बोटांनी पुसून काढली. माघात तुरे उमलले. पांढरे, जांभळे, गुलाबी. उभ्या दांड्यावर चार-चार पाकळ्यांची विरळ फुलं. म्हातारी रंगुबाई शेळ्या घेऊन जाताना थांबली.

"लंके, मुळा बियाला सोडलाय व्हय? आनि जांभळा कसा गं मुळा?"

"औशिद मारलंय," लंकाबाई म्हणाली. रंगुबाईनं मान डोलावली आणि शेळ्या जरा लांबून नेल्या.

फूलबाजारात व्यापाऱ्यानं जुडी उलटीसुलटी केली. "मावशी, एकेरी हाय. बुकेत घातलं की पाकळी गळती. पुढच्या येळंला डबल आना." लंकाबाईनं जुड्या परत आणल्या. फेकल्या मात्र नाहीत.

त्याच दिवशी संध्याकाळी ती पाणी धरत होती. वारा पडला. आणि रानातून वास उठला. लवंगेचा, थंड, दवाखान्यातला अगदी तोच. एकेरी असो की दुहेरी, वासात काही फरक नव्हता. लंकाबाई फावडं धरून तशीच उभी राहिली. पाटाचा दंड फुटला, पाणी शेजारच्या गव्हात गेलं, तरी उभीच.

इथं लंकाबाई रडली असं लिहिलं तर शोभलं असतं. पण तिनं शिवी घातली. "आक्के, तुज्या नाकावर माती पडली... आता घे की वास! आता का येत न्हाईस?" आणि मग त्या ओल्या चिखलातच बसली. गोरक्ष बोलवायला आला, त्यानं तिला पाहिलं, दंड बांधला आणि परत गेला.

दुसऱ्या दिवशी तिनं हर्षलच्या दुकानावरून फोन लावला. "शिस्टर, फुलं आलीत. पर ठिवू कुठं? बांधावर ठिवलं तर शेळ्या खात्यात. संगमावर टाकलं तर व्हाऊन जातंय. तुमचं बरं हाय. तुमचं मानूस जाग्यावर ऱ्हातं."

पलीकडून सिस्टर हसल्या. मग म्हणाल्या, "माझा मोझेस आहे की. त्याच्या कबरीवर ठेव. पायथ्याकडची बाजू तुझी."

"त्येंचं पाय..."

"उंच होता माझा नवरा, पण आता काही पाय पसरत नाही."

तिथीच्या दिवशी लंकाबाईनं उरलेला सगळा स्टॉक कापला. शेवंतीसारखा याचा दुसरा तोडा येत नाही, एकदा दांडा गेला की झाड संपलं, हे तिला सिस्टरांनी सांगून ठेवलं होतं. राळेगणसिद्धीकडून येणाऱ्या एसटीत ती मांडीवर भारा घेऊन बसली. गाडीच्या पाटीवर अहिल्यानगर, कंडक्टरच्या तोंडात नगर.

"कुठं निघाल्या मावशी एवढं अत्तर घेऊन? लग्नाला?"

"जावंकडं."

"काय नशीब वो जावंचं! आमच्या घरात दोगी एकमेकींचं तोंड बघत न्हाईत."

"आमीबी बघत नव्हतो," लंकाबाई म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहू लागली.

ख्रिस्ती स्मशानभूमीत उन्हं कलती झाली होती. कडुनिंबाचा पाला सगळ्या कबरींवर सारखाच पडलेला. सिस्टरांनी झाडणी घेतली, मोझेसची फरशी झाडली, निम्मी फुलं उशाशी लावली.

"बघ लंका, चार पाकळ्या. आमचा क्रूसच झाला की. व्यापाऱ्याला काय कळतंय."

लंकाबाई पायथ्याशी उकिडवी बसली. फुलं ठेवली. मग कनवटीची पुडी काढून हातात धरली.

"शिस्टर, मिसरी हाय. आक्काला लागायची. मोझेसभाऊंला चालंल का?"

"पाळकसाहेबांना चोरून बिड्या ओढायचा तो. चालेल."

पुडी फुलांच्या आड गेली. लंकाबाई फरशीवर हात ठेवून हळू बोलायला लागली, शेजारी बसलेल्या बाईशी बोलावं तसं.

"आक्का, लावलं बग. आनि एकेरी आलंय, त्यात नाक खुपसू नगं. वास त्योच हाय. लोकाच्या दारात आनून ठिवलंय तुला, जरा गपगुमान ऱ्हा. वरडू नगं हितं, झोपल्यात सगळी." तिनं एक दांडा सरळ केला. "तुजं पटलं हुतं मला. तवाच पटलं हुतं. पर तुला तसं म्हनायची सवय कुठं हुती."

 सिस्टर तिच्या पाठीवर हात ठेवून बसल्या. हाताखाली बाईचं अंग हुंदक्यांनी हलत होतं.

परत निघताना फाटकापाशी सिस्टरांनी विचारलं, "झालं ना मनासारखं?"

"फुलांचं झालं." लंकाबाईनं पदरानं तोंड पुसलं. "पर सावड ऱ्हायली."

सावड म्हणजे दिवसाला दिवस. एकीनं दुसरीच्या रानात राबायचं, दुसरीनं तो दिवस फेडायचा. पैशाचा संबंध नाही. बायडाबाई दवाखान्यात जायच्या आधी एक दिवस लंकाबाईची शेवंती तोडायला आली होती. पायाला सूज होती तरी आली. तो दिवस फेडायचा राहिला होता.

"जाऊ दे गं," सिस्टर म्हणाल्या.

"आसं कसं जाऊ द्यायचं? ती माज्याकडं राबली की."

बायडाबाईचं रान रामनं आता खंडानं, म्हणजे वर्षाच्या भाड्यानं, दिलं होतं, शेजारच्या गावच्या एका बागायतदाराला. फाल्गुनात तिथं कांद्याची खुरपणी सुरू झाली. टेम्पोतून बायांची टोळी आली. लंकाबाईनं सकाळची भाकरी खाल्ली, खुरपं घेतलं, बांध ओलांडला आणि कुणाला काही न विचारता खुरपायची कडेची पात, म्हणजे ओळ, धरली. हात चालू लागला. काही वेळानं टोळीची पुढारीण, लाल पातळातली, कमरेवर हात ठेवून तिच्यापुढं उभी राहिली.

"कोनाची गं तू? रोज कोनी ठरीवला तुजा?"

"रोज नगं मला."

"मंग?"

"सावड फेडायची हाय. ह्या रानाच्या मालकिनीची."

"मालकीन कुटं हाय हितं? आमाला तर मालक म्हाईत हाय."

"हाय... हुती."

पुढारणीनं तिला खालीवर बघितलं. बाकीच्या बायांचे हात थांबले होते. पुढारीण वाईट नव्हती, आवाज तिनं खालीच ठेवला.

"हे बग मावशे, तू फुकट खुरपलंस तर उद्या मालक आमाला काय म्हनंल? ती बाई बिगरपैशाची करती, तुमाला कशाला एवढा रोज? आमच्या पोटावर कशाला येती? करायचं आसंल तर रोजानं कर, चल, मी सांगते मालकाला."

लंकाबाईनं विचार केला. रोज घेतला तर दिवस तिचा झाला, आक्काचा नाही. न घेतला तर दुसऱ्यांच्या भाकरीवर पाय. तिनं खुरप्याची माती झाडली आणि उठली.

"करा बाया तुमी," म्हणाली. "बांधाकडंला लव्हाळा हाय, मुळासकट काडा. आक्काला खपायचा न्हाई."

ती बांध ओलांडून आपल्या रानात आली. तिची अर्धी राहिलेली पात मागच्या एका पोरीनं ओढून घेतली आणि दुपारपर्यंत ती पात कुठून सुरू झाली होती हेही ओळखू येईना. लंकाबाई आपल्या विहिरीच्या काठावर बसून बघत होती. दिवस मावळला, बायांचा टेम्पो गेला, तरी खुरपं तिच्या हातातच होतं.