आईच्या फोटोखालचे शब्द

“विडो,” मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं. सरांनी लगेच टाइप केलं. भिंतीवरच्या पडद्यावर माझी आई उभी होती, चांगली पुरुषभर उंच. तिच्या पायाशी ती अक्षरं उमटली. विडो. विधवा.

माझा बाप त्या वेळी अंबरनाथच्या एमआयडीसीत पहिल्या पाळीला होता. धडधाकट.

“अजून बोला, अजून,” सर म्हणाले. वर्गाला चेव चढला. पूअर. हेल्पलेस. स्लम. एकीने तर ‘हंगर’ सुचवलं. आईच्या हातात मेणबत्त्या होत्या, फुलं होती. त्यात हिला भूक कुठे दिसली कोण जाणे.

बदलापूरच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये हा वर्ग भरायचा. नवख्यांनी स्टॉक फोटो कसे विकायचे, ते सर शिकवायचे. फोटो वेबसाइटवर टाकून ठेवायचा. जाहिरातवाले, पेपरवाले शब्द टाकून शोधतात, पटला तर घेतात. म्हणजे फोटो विकला जातो तो त्याच्या खाली लिहिलेल्या शब्दांवर. कीवर्ड म्हणतात त्याला.

मी उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये एका स्टुडिओत कामाला आहे. पासपोर्ट फोटो काढते, लग्नाचे अल्बम लावते, दिवसभर लोकांचे चेहरे गोरे करून देते. आपलं स्वतःचं काहीतरी विकावं म्हणून वर्ग लावला. पहिला फोटो आईचा, हे माझं पक्कं होतं.

बुद्ध पौर्णिमेची सकाळ. खरवईतल्या आमच्या घराच्या दारात ती विहारात जायला निघालेली. वंदनेला आम्ही पांढरं नेसतो. आई कुंकू लावत नाही, तिच्या आईनेही कधी लावलं नाही. “हसू नको, सरळ माझ्याकडे बघ,” असं मीच तिला म्हटलं होतं. ती बघते आहे त्याला मी रुबाब म्हणते. हॉलमधल्या एकालाही तो दिसला नाही. पांढरी साडी, मोकळं कपाळ. झाली विधवा.

मी उठले. 

“सर, माझे वडील आहेत. आम्ही बौद्ध. आई वंदनेला निघाली आहे.”

सर हसले. अगदी प्रेमाने हसले, त्याचाच जास्त राग आला. “अगं, आपण इथे कला शिकतोय. जातीबितीचं बाहेर ठेव.” मग वर्गाकडे वळून, “हिला काय कमी आहे? तुम्हा लोकांना असे विषय घरबसल्या मिळतात. आम्हाला शोधत फिरावं लागतं.” आणि मला सल्ला, “परत काढ. जुनी साडी, विस्कटलेले केस. मस्त जाईल.”

विषय. माझी आई.

मी पुढे जाऊन त्यांच्या समोरचा कीबोर्ड ओढला. एकेक शब्द पुसला. मग माझ्या मोडक्या इंग्रजीत, स्पेलिंग जपत लिहिलं. बौद्ध स्त्री. बुद्ध पौर्णिमा. वंदना. आई. अभिमान.

“हे कोण शोधणार?” सरांनी विचारलं. मागे खसखस पिकली.

“आम्ही शोधतो, सर. बॅनर आम्हालाही लागतात.”

खरंच लागतात. विहाराच्या कार्यक्रमाचा बॅनर मीच करते. दरवेळी शोधते आणि दरवेळी परदेशातले भिक्खू तेवढे मिळतात. आमच्यासारखी एक बाई नाही, एक घर नाही. आम्ही सापडतो ते गटारात, कचऱ्यात. तेव्हा वाटायचं, आपले असे सणाचे, घरातले फोटो कोणी काढतच नसेल. काढतात. भरपूर काढतात. वर हे शब्द डकवतात.

त्या संध्याकाळी सरांनी मला वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून काढून टाकलं.

घरी आई वाट बघत होती. “झाला का गं माझा फोटो पास?” ती कामाला जाते त्या कंपनीतल्या बायकांना तिने सांगून ठेवलं होतं. ओळखू येणाऱ्या माणसाची संमती लागते, म्हणून तिने झोकात सही दिली होती. तिच्याशी खोटं बोलणं जमेना. जे झालं ते सांगितलं.

“म्हणजे मी मेलो काय?” पप्पा जेवता जेवता हसले. कोणीच साथ दिली नाही, तेव्हा ते पुन्हा जेवू लागले.

आई म्हणाली, “मग काय, पांढरी नेसू नको का आता मी?”

मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःची चीड आली.

तो फोटो मी स्वतःच्या नावाने टाकला आहे. अजून कोणी घेतलेला नाही. आईच्या कंपनीतल्या बायका, नर्स झालेली मावशी, विहारातली म्हातारी माणसं, सगळ्यांचे काढते आहे. सहीच्या आधी विचारते, खाली काय लिहू? सांगतील तेच लिहिते. स्टुडिओत काम करत राहीन, फोटो पडून राहिले तर राहू देत. पण ज्याला कोणाला विधवा हवी आहे, लाचार हवी आहे, त्याने खुशाल शोधत बसावं. माझी आई त्याला मिळणार नाही.