ताकदीच्या गोळ्या

३० ऑगस्ट, शनिवार. उद्या गौरी यायच्या आहेत, म्हणून दुपारी पितळेचे मुखवटे चिंचेच्या कोळाने घासायला बसले. एक लखलखीत झाला. दुसरा अजून काळपट पडला आहे, कारण मध्येच हात धुऊन मी ही वही ओढली.

जे लिहिणार आहे ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढेही नाही – देवाशी मी तशीही फार बोलत नाही. सात वर्षं झाली. तुम्ही मला ओळखत नाही, ते एक बरं आहे.

आधी गोळ्यांचं सांगते. ते सोपं आहे.

या जूनपासून मला अंगावरून फार जायला लागलं. एक्कावन्नावं वर्ष, होतं असं. डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली, घाबरण्यासारखं काही नाही म्हणाल्या आणि हार्मोनच्या गोळ्या लिहून दिल्या. सकाळ-संध्याकाळ, तीन महिने. "थोडं मळमळेल," म्हणाल्या.

थोडं? माझी अंबडला खानावळ आहे. कारखान्यांत पस्तीस डबे जातात. सकाळी आठ वाजता दोन कढयांत फोडणी पडते, आणि पहिल्या आठवड्यात ती पडली की मी मोरीत. छाती दुखायची, पाय सुजायचे, पोळ्या लाटणाऱ्या बायकांवर उगीच ओरडायचे. पण मी काही रडत बसणारी बाई नाही. पोटात काही गेल्याशिवाय गोळी नाही. फोडणीच्या वेळी खिडकी सताड उघडी आणि नाकाशी लिंबाचं साल. गालात आलेपाकाची वडी. चहा बंद, कारण चहाने जास्तच ढवळायचं. पंधरा दिवसांत जमलं. अजून मळमळतं, पण डबे वेळेवर जातात.

मग लिहायला काय बसले?

गोळ्यांची पाकिटं माझ्या सुनेने स्वतःकडे ठेवली आहेत. प्राजक्ता. इथेच एका कारखान्यात क्वालिटीला आहे. मी विसरेन म्हणून रोज कामावर जाण्याआधी ती एका वाटीत गोळी आणि शेजारी केळं ठेवते. पहिल्याच दिवशी म्हणाली, "आई, आधी केळं हं. मला नाही का बाळाच्या वेळी असंच व्हायचं – आलेपाकाने बरं वाटायचं."

तुम्हाला वाटेल, ती इराबद्दल बोलत होती. इरा माझी नात, चार वर्षांची. पण इराच्या वेळी प्राजक्ताला एक दिवसही मळमळलं नाही. ती बोलत होती त्याआधीच्या बाळाबद्दल. जे राहिलं नाही, त्या.

ते बाळ नव्हतंच. हे मला माहीत आहे. तिला नाही.

आता इथपर्यंत आले आहे तर पुढचंही लिहिते.

सात वर्षांपूर्वी तिची या घरातली पहिली गौर होती. लग्नाला आठ महिने झाले होते. तेव्हा आमच्यात गौरी तीन भावांच्या घरी फिरत्या असायच्या, आता ज्याच्या त्याच्या घरी बसतात; त्या वर्षी आमच्याकडे होत्या. नवी सून असेल तर पहिल्या वर्षी दारातून गौर तिनेच आत आणायची – कुंकवाच्या पावलांवरून, मागे बाकीच्यांनी ताटली वाजवायची. तिला जमत नसेल तर दुसऱ्या घरातली सून आणते. म्हणजे सिन्नरच्या माझ्या मोठ्या जाऊबाईंची सून, माझ्या घरात. जाऊबाई लग्नातच बोलून गेल्या होत्या, "नोकरीवाली आणली, तिला काय जमायचं सणवार." मला सोवळ्या-ओवळ्याचं फारसं नाही, खरंच नाही. मला फक्त त्यांचं तोंड बंद करायचं होतं.

आणि प्राजक्ताची तारीख नेमकी गौरी जेवणाच्या आदल्या दिवशी येत होती.

मी तिला सरळ विचारलं. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मी स्वतः पंचवीस वर्षं घेत आले होते – दर गौरीला, सत्यनारायणाला, घरच्या प्रत्येक लग्नाला. आमच्याकडच्या बायका घेतातच. सणाच्या आठवड्यात मेडिकलवाला चिठ्ठीसुद्धा मागत नाही. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई, लग्नात घेतल्या होत्या मी. चार दिवस नुसतं ढवळत होतं. हळदीच्या फोटोत बघा, हिरवी दिसते मी. पुन्हा नाही घेणार. बसेन मी बाजूला, चालेल मला."

मी म्हटलं, "बरं."

बरं म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी दोन पाकिटं घेऊन आले. गोळ्या काढून शतावरीच्या एका रिकाम्या डबीत भरल्या आणि तिला दिली. ताकदीच्या आहेत म्हणाले, सणाची दगदग असते, तिन्ही वेळा जेवणानंतर घेत जा. ती म्हणाली, "किती करता आई माझं."

तिने डबीवरचं नावसुद्धा वाचलं नाही. का वाचावं? सासूने दिली होती.

गौर तिनेच आणली. हिरवी साडी, नथ, हातात मुखवटा – छान दिसत होती. जाऊबाई ताटली वाजवत होत्या. मी जिंकले होते.

दुसऱ्या दिवशी जेवणाला चाळीस माणसं. मी अळूवड्या तळत होते, ती पुरण वाटत होती. तळणाचा वास आला आणि ती तोंडावर हात धरून मोरीकडे पळाली. परत आली तेव्हा स्वयंपाकघरातल्या सगळ्या बायका तिच्याकडे बघत होत्या. जाऊबाईंनी कमरेवर हात ठेवले.

"काय गं, तारीख कधी होती तुझी?"

"कालची," प्राजक्ता म्हणाली.

"आणि?"

"नाही आली."

"मग बघते काय? गौर पावली बाई तुला. पहिल्याच वर्षी." मग माझ्याकडे वळून, "सुनेला पुरण काय वाटायला लावती गं? उठव तिला. लय दिवसांनी घरात चांगली बातमी हाय."

बायका हसल्या. कुणीतरी निखिलला, माझ्या मुलाला, हाक मारली आणि तो दारात येऊन वेड्यासारखा हसत उभा राहिला. प्राजक्ताने पुन्हा एकदा बोटांवर दिवस मोजले आणि माझ्याकडे पाहिलं. तो चेहरा मी अजून विसरलेले नाही – विसरले म्हटलं तर तेही खोटंच होईल.

एक वाक्य पुरलं असतं त्या वेळी. तिला बाजूला नेऊनही सांगता आलं असतं. माझ्या हातात झारा होता. मी वड्या उलटल्या.

त्याच संध्याकाळी जाऊबाईंनी तिची नारळाने ओटी भरली. विसर्जनाच्या दिवशी सकाळी तिने घरीच तपासणी केली. बाहेर येऊन मला दाखवली – "एकच रेघ आली आई." मी म्हटलं, "इतक्या लवकर नाही कळत. घाई करू नको." हे मला कुणी बोलायला लावलं नव्हतं. आपणहून बोलले.

डबीतल्या गोळ्या संपल्या. तिसऱ्या दिवशी व्हायचं ते झालं. नेहमीपेक्षा जास्त झालं, त्या गोळ्यांनंतर होतंच तसं. मी न्हाणीघराच्या दाराबाहेर टॉवेल घेऊन उभी होते. ती आतून म्हणाली, "आई, गेलं वाटतं."

आणि मी म्हणाले, "पहिल्या वेळी होतं गं असं."

तिला डॉक्टरकडे जायचं होतं. मी जाऊ दिलं नाही. आता काय करणार ते, उगीच हात लावतील, त्यापेक्षा आराम कर – असं समजावलं. खरं कारण तुम्ही ओळखलंच असेल. डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला असता, कुठल्या गोळ्या चालू होत्या का?

आठ दिवस मी तिला उठू दिलं नाही. खीर, डिंकाचे लाडू, डोक्याला तेल. ती उशीत तोंड घालून रडायची आणि मी पाठीवरून हात फिरवायचे. कुणाच्या नावाने रडते आहे हे माहीत असून फिरवायचे. कसा फिरायचा हात? फिरायचा. सवयीने फिरतो.

सिन्नरहून जाऊबाईंचा फोन आला – "स्कूटीवर हिंडती खड्ड्यांतून, टिकणार कसं? सांगितलं होतं मी." प्राजक्ता शेजारीच होती, तिने ऐकलं. त्यानंतर तिने स्कूटी चालवली नाही. काही महिन्यांनी निखिलने ती विकून टाकली. सात वर्षं ती शेअर रिक्षाने कामावर जाते. पावसात कोपऱ्यावर उभी दिसते मला, खानावळीच्या खिडकीतून.

इराच्या वेळी दवाखान्यात गेलो तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "पहिलंच का?" प्राजक्ता म्हणाली, "दुसरं. एक गेलं." त्यांनी फाइलवर तसं लिहिलं. मी शेजारच्या खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसले होते.

आणि झबलं. गौरींपुढे आम्ही बाळं बसवतो, लाकडाची, वीतभर उंचीची. त्यांतल्या एकासाठी प्राजक्ता दर वर्षी स्वतःच्या हाताने झबलं शिवते. का ते कधी बोलली नाही, घरात कुणी विचारत नाही. यंदाचं पिवळं आहे, बारीक बुट्ट्यांचं. आत्ता ते या वहीशेजारी आहे, मुखवट्यांच्या बाजूला. मघाशी चिंचेचा हात त्याला लागू नये म्हणून मी ते दोन बोटांनी उचलून सरकवलं. तेव्हा उठून वही आणली.

गेले दोन महिने ती रोज माझ्यासमोर वाटी ठेवते. यंदा मला मिळालेली गोळी तीच आहे. नाव तेच. ढवळून येतं तेव्हा मला कळतं, तिला त्या आठवड्यात नेमकं काय होत होतं. पण हे मला आधीही ठाऊक होतं – तिने स्वतः सांगितलं होतं, हळदीच्या फोटोचं. तेव्हा नव्याने काही कळलं असं मी म्हणणार नाही.

३१ ऑगस्ट. सकाळी सात वाजता तिने वाटी आणि केळं आणून ठेवलं. रविवार, तिला सुट्टी. मी तिला पाकीट आणायला सांगितलं. आणल्यावर म्हटलं, "नाव वाच. शतावरीच्या डबीत मी तुला ह्याच दिल्या होत्या. पहिल्या गौरीला. ताकदीच्या नव्हत्या."

तिने वाचलं. उभीच होती. पाकीट उलटून मागची बाजूही वाचली. कारखान्यात माल तपासते तशी, सावकाश.

मग म्हणाली, "म्हणजे कुणी नव्हतंच?"

"नव्हतं."

पाकीट तिने माझ्यासमोर ठेवलं. मुखवट्यांशेजारचं झबलं उचललं, त्याची लहान घडी घातली, आणखी एक लहान घडी घातली आणि ते घेऊन आपल्या खोलीत गेली. दार लावल्याचा आवाज आला नाही.

मी केळं खाल्लं, गोळी घेतली. दुसरा मुखवटा घासायचा राहिला होता. तो घासला.