पोचल्यावर फोन करा

जगातल्या सगळ्या काळजीची घाऊक वखार आमच्या मामांकडे आहे, आणि आपण बाकीचे लोक जी किरकोळ काळजी करतो ती त्यांच्याकडूनच उसनी आणलेली असते, असं माझं प्रामाणिक मत आहे. मामा म्हणजे माझ्या बायकोचे मामा. नव्या पनवेलला आमच्याच इमारतीत, बरोबर आमच्या डोक्यावर राहतात. न्हावा शेव्याच्या बंदरातून माल रवाना करणाऱ्या एका कचेरीत त्यांनी सगळी नोकरी काढली. कंटेनर जहाजावर चढला की इतरांचं काम संपायचं, मामांची काळजी तिथून सुरू व्हायची. निवृत्त झाल्यावर जहाजं गेली आणि त्यांच्या तावडीत आम्ही सापडलो. बाहेर पडताना ते कुलूप ओढून बघतात, जिना उतरतात, परत चढून पुन्हा ओढतात आणि जाता जाता आमचं दारही ओढतात. एकदा भर लग्नाच्या मांडवात, अक्षता हातात असताना, त्यांनी हिला गाठून "गॅस बंद केला होता ना गं?" असं विचारलं. गॅस त्यांच्या स्वतःच्या घरचा होता.

पण मामांचं खरं वाक्य म्हणजे "पोचल्यावर फोन करा". पुण्याला निघालेल्या माणसाला हे कोणीही म्हणेल. मामा सिलिंडर आणून देणाऱ्यालाही म्हणतात, मीटर बघायला आलेल्यालाही म्हणतात. मी खाली कोथिंबीर आणायला निघालो तरी कठड्यावरून आवाज येतो, "जावईबापू, पोचल्यावर फोन करा!" आपण नाही केला तर ते करतात. "पोचलात ना? मग आवाज असा का येतोय?" मामी गेल्यापासून हे फार वाढलं. रोज जिला विचारायचं तीच उरली नाही, म्हणून ते सगळ्या पनवेलला विचारत सुटले.

दिवाळीनंतर ते खिडकीची जाळी आणायला कळंबोलीला लोखंडबाजारात गेले होते. खिडकीला एक जाळी होतीच, ही तिच्या पाठीमागे लावायची होती. पुलाखाली बसलेल्या एका म्हाताऱ्यानं ती जाळी रिक्षात चढवून दिली. मामा सवयीनं म्हणाले, "बरंय, पोचल्यावर फोन करा."

म्हातारा हसला. "पोचू कुठं, काका? मी हितंच ऱ्हातो."

पूर्वी ट्रेलरवर क्लीनर होता, पाय अधू झाला, काम सुटलं, तेव्हापासून पुलाखाली. मामा घरी आले ते जाळी रिक्षातच विसरून. उभ्या आयुष्यात ज्यांनी छत्री विसरली नाही, ते अख्खी लोखंडी जाळी विसरले! आमच्या खुर्चीत बसून एवढंच म्हणाले, "त्या माणसाला कुठं पोचायचंच नाही हो, जावईबापू." त्या दिवशी ते जेवले नाहीत. मलाही पान गोड लागलं नाही.

त्याच सुमारास आमच्या गल्लीच्या टोकाचं बंद समाजमंदिर बेघरांच्या रात्रनिवाऱ्याला द्यायची गोष्ट निघाली. एक संस्था चालवायला तयार होती, फक्त आसपासच्या रहिवाशांनी सभेत होकार द्यायला हवा होता. लोकांची समजूत घालायचं काम मामांनी अंगावर घेतलं आणि मी चपला घालून त्यांच्या मागे निघालो. कारण समजूत घालणार कोण, तर मामा! कोणाच्याही घरी जाऊन ते सुरुवात करायचे, "घाबरू नका, चोऱ्या होणार नाहीत. म्हणजे होऊही शकतात, पण कुठं होत नाहीत? ढेकणांचं मात्र मला छातीठोक सांगता येणार नाही." ज्यांच्या मनात काही नव्हतं, त्यांच्या मनात मामांनी सगळं व्यवस्थित भरून दिलं. मी मागे थांबून सारवासारव करायचो, तोवर पुढच्या घरात पुढचं भय पोचलेलं असायचं. तळमजल्यावर एक मासेवाल्या मावशी राहतात, मूळच्या उरणच्या. त्या चहा ठेवणार होत्या, मामांचं ऐकून त्यांनी थेट सुताराला फोन केला आणि दाराला दुसरी कडी बसवून घेतली. सभा जवळ आली तशी थंडीही वाढली. मामा संध्याकाळी कठड्याशी उभे राहून कळंबोलीच्या दिशेला बघायचे. इथून पूल दिसत नाही, तरी बघायचे. सभेत नकार आला तर ह्या माणसाला ते सोसणार नाही, अशी धास्ती आम्हा दोघांना बसली होती.

सभा आमच्या पार्किंगमध्ये भरली. आमच्या सोसायटीचे अध्यक्ष म्हणाले, "निवाऱ्याला आमचा विरोध नाही. फक्त तो इथं नको." माना हलल्या, टाळ्याही पडल्या. मामा उठले. हिनं डोळे मिटून घेतले.

"तुम्हाला भीती वाटते ना?" मामा म्हणाले. "मला तुमच्यापेक्षा जास्त वाटते. म्हणून रोज संध्याकाळी मी तिथं जाईन. सगळे आत आले का, नळ बंद आहेत का, बघेन. आणि घरी आलो की तुम्हाला प्रत्येकाला फोन करून सांगेन."

"प्रत्येकाला?" अध्यक्षांचा आवाज बसला. "रोज?"

"रोज. उचलला नाहीत तर पुन्हा करीन."

एकदम हशा पिकला. मामांचा चेहरा उतरला, आणि मला वाटलं, संपलं. तेवढ्यात मासेवाल्या मावशी उठल्या.

"हसताव काय? आमचा मानूस होडीवर जातो तवा आला का नाय, ता कोन इचारतं? तुमी? ह्यो मानूस इचारतो! कोनाची तरी वाट बगनारा कोनी पायजेच ना? मना चालंल निवारा."

मग कोणी हसलं नाही. अध्यक्षांनी "होळीपर्यंत चालवून बघू" असं जाहीर केलं.

निवारा सुरू झाला. पुलाखालचा म्हातारा तिथं आला. मामा रोज दिवेलागणीला जायचे आणि जेवणाच्या वेळी घरोघर फोन वाजायचा, "सगळे आले हो." लोक वैतागायचे, पण उचलायचे. आमची काळजी मात्र तशीच होती, कारण एखादी वस्तू जरी चोरीला गेली असती तरी होळीला कुलूप लागलं असतं.

होळी तोंडावर आली असताना एका संध्याकाळी फोन आलाच नाही. आधी बरं वाटलं. मग अध्यक्षांचा मला फोन आला, "मामांचा आला का हो तुम्हाला?" मासेवाल्या मावशी जिन्यात आल्या, "मामा बरं हायेत ना?" बघता बघता अर्धी इमारत जिन्यात उभी राहिली. तेवढ्यात हिच्या मोबाइलवर निवाऱ्यातून फोन आला. तिचा नंबर मामांनी तिथल्या भिंतीवर लिहून ठेवला होता. पलीकडे तोच म्हातारा होता.

"ताई, काका घरी पोचले का? निगताना मी म्हनलो व्हतो, पोचल्यावर फोन करा. केला नाही त्यांनी. जिवाला घोर लागलाय."

आम्ही वर धावलो. दार नुसतं लोटलेलं होतं. कुलूप नाही, कडी नाही. मामा चपलांसकट खुर्चीत गाढ झोपले होते, मोबाइल मांडीवर तसाच. इतकी वर्षं मी त्यांना पाहतोय, पण त्यांच्या कपाळावर आठी नसते तेव्हा ते कसे दिसतात हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. हिनं डोळ्याला पदर लावला. मला त्यांना उठवायचा धीर झाला नाही.

मी हिच्या हातून फोन घेतला आणि हळूच म्हणालो, "पोचले."