ओव्याला आलेलं फूल

माझ्या हौसेपायी चीनच्या डोंगरातलं एक झाड डोंबिवलीत आलं. आफ्रिकन व्हायोलेटचं ते लांबचं भावंड. जाडसर, लवदार पानं आणि म्हणे जांभळी फुलं. दार्जिलिंगकडच्या नर्सरीवाल्याने फोनवर छातीठोकपणे सांगितलं, "एकदम काटक आहे साहेब, बर्फातसुद्धा मरत नाही." मी खूश! आमच्या मानपाड्याला बर्फ फक्त उसाच्या रसात पडतो, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

ते एकदा फुललेलं बघायचं, एवढीच माझी इच्छा. शिवाय ठाण्याच्या बागवाल्या ग्रुपवर "फुललं की सगळे चहाला या" असं मी आधीच लिहून बसलेलो. दर रविवारी कुणीतरी विचारायचंच, "काका, चहा कधी?"

मग काय, लाड सुरू. तळमजल्याच्या चार फुटी बागेत हिरवी जाळी लावली, टेबलफॅन बाहेर नेला. टँकरचं पाणी त्याला सोसणार नाही म्हणून फिल्टरचं. मे महिन्यात कुंडीत बर्फाचे खडे. बायको म्हणाली, "माझ्या माहेरच्यांना कधी सरबतात बर्फ विचारला नाहीत."

शेजारच्या घरातल्या आजी कुंपणावरून हे सगळं बघायच्या. आमची बिल्डिंग उभी आहे ती त्यांच्याच भातशेतीवर, तेव्हा माझ्या शेतीवर त्यांचं लक्ष असणारच. एकदा नातीला खोकला झाला म्हणून त्यांनी न विचारता झाडाचं एक पान खुडलं. तसल्याच जाड, लवदार पानांचा, खोकल्यावरचा पानओवा समजल्या! मी असा भडकलो म्हणता, "अहो आजी, ते चीनचं झाड आहे!"

आजींनी शांतपणे पान नाकाला लावलं. "वासच नाय याला. कोवला हाय अजून, लावून ठेवते," म्हणाल्या आणि गेल्या.

उरलेली पानं मी जिवापाड जपली. खत, फवारा, सकाळ-संध्याकाळ भिंगातून तपासणी. जूनमध्ये एका सकाळी नुसतं बोट लावलं, तर अख्खं झाड हातात आलं. मुळं कुजलेली. बर्फात न मरणारं झाड मी बर्फाचं पाणी पाजून मारलं. फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू! ग्रुपवर काही लिहिलं नाही.

पुढच्या वर्षी दिवाळीआधी आजींनी हाक मारली, "अरे ये, माझ्या ओव्याला फूल आलंय बघ."

मागच्या दारी, भिंतीच्या सावलीत, रंगाच्या फुटक्या डब्यात विटांचे तुकडे आणि मूठभर माती. वरून एसीचं पाणी थेंबथेंब पडत होतं. आणि त्यात माझं चिनी झाड, तीन जांभळ्या फुलांसकट. मी उकिडवा बसून बघतच राहिलो. डोळ्यांत पाणीच आलं.

"आजी, काय काय करता याला?"

"काय करायचंय?"

त्यांना खरं सांगायला माझी जीभ रेटेना. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, एक पान खुडून माझ्या हातावर ठेवलं आणि समजावलं, "तुझं ते चीनचं काय जगलं नाय. हा आपला ओवा ने. हा मरत नाय. फक्त तू त्याच्या मागं लागू नको."