नाव घेऊन मागणाऱ्या विमलाबाई

हडपसरच्या आमच्या मंडळीत उपदेशानंतर उघड प्रार्थना असते. ज्याला वाटेल त्यानं उभं राहून मोठ्यानं मागावं. पोराचं लग्न, आजारपण, परीक्षा, अशीच बहुतेकांची मागणी. विमलाबाई उजागरे मात्र पाच वर्षं दर रविवारी एकच मागणं मागत होत्या, तेही नाव घेऊन. मी हार्मोनियमवर बसायचो, त्यामुळे त्यांचा एकही शब्द माझ्या कानातून सुटला नाही.

नाव होतं आमच्या पंच कमिटीचे अध्यक्ष रणजित भालेराव यांचं. २००२ साली शेजारच्या शेतात आयटी पार्क उभं राहिलं आणि कबरस्तानाकडे जाणारी आमची पायवाट पार्कवाल्यांना आवारात हवी झाली. रणजितनं मंडळीला न विचारता सही ठोकली. बदल्यात चर्चला नवी फरशी मिळाली, त्याच्या मुलाला, रोहनला, पार्कच्या काचेच्या इमारतीत नोकरी मिळाली आणि वाटेवर सात फुटी भिंत आली. आता कबरस्तानात जायचं तर कालव्याच्या बांधावरून दोन किलोमीटरचा वळसा. विमलाबाईंचे गुडघे गेलेले, आणि नवरा, रतन, भिंतीपलीकडे मातीत. दर रविवारी त्याच्या कबरीवर शेवंती ठेवणारी बाई आता भिंतीला हात लावून परत यायची. त्या सहीचा मला अजून राग येतो.

पाळकसाहेबांनी त्याच वर्षी बायबलमधल्या, न्यायाधीशाला रोज भंडावून सोडणाऱ्या विधवेवर हौसेनं उपदेश केला. देवाकडे धीटपणे मागा, मागतच राहा, म्हणाले. विमलाबाई लगेच उभ्या राहिल्या.

"प्रभू, रणजित भालेरावनं माझी वाट बंद केली. त्याच्याच घरचं माणूस खांद्यावर देऊन त्याला त्या भिंतीपुढे उभा कर. तोवर मी गप्प बसणार नाही."

आमेन म्हणायची कुणाची छाती झाली नाही. फक्त पहिल्या बाकावरून खणखणीत "आमेन" आलं. ते रणजितच्या म्हाताऱ्या आईचं, मथुराबाईंचं होतं.

नंतर पाळकसाहेब हळूच म्हणाले, "बाई, निदान नाव तरी घेऊ नका."

"अहो, प्रभूनं चुकून दुसऱ्याच रणजितला धरलं तर? आपण जबाबदारी घेता का?"

रणजित उशिरा यायला लागला. मग त्याही थांबून राहायच्या, आणि तो बाकावर टेकला की उभ्या राहायच्या.

एकदा चहाच्या वेळी त्यांनी मथुराबाईंना विचारलं, "आत्याबाई, मी तुमच्याच लेकावर मागते. तुम्ही आमेन कशाला म्हणता?"

"मला समदं कळतंय," म्हातारी म्हणाली. "त्याच्या घरात जायला झालेलं माणूस मीच हाय. मला बी माझ्या धन्याशेजारी जायचंय, आमच्या वाटेनं. कालव्यानं न्हाय. तू माग."

विमलाबाई चहा तसाच ठेवून उठल्या. पुढच्या रविवारी त्यांचा आवाज कापला, पण मागणं तेच होतं. सूड त्यांना सोडवत नव्हता.

२००७च्या मे महिन्यात, एका शनिवारी, मथुराबाई गेल्या. अंत्ययात्रा आवारातून नेऊ द्या म्हणून रणजितनं पार्कच्या मॅनेजरला फोन केला. "हेड ऑफिसची परमिशन लागेल, सोमवारी बघू," असं उत्तर आलं. सही घेताना मात्र कुणाची परमिशन लागली नव्हती.

शवपेटी खांद्यावर घेतलेली माणसं, पुढे रणजित, कालव्याकडे वळणार, तोच विमलाबाई भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. "खाली ठेवा. त्यांना कालव्यानं जायचं नव्हतं." ऊन मी म्हणत होतं. रणजितकडे बघतच त्यांनी प्रार्थना सुरू केली.

"प्रभू, मी मागितलं ते तू दिलंस. हा असा उभा राहिला की माझं काळीज थंड होईल, असं मला वाटत होतं. नाही झालं. माझ्यामागे आमेन म्हणणारी एकटीच होती, तीच तू नेलीस. पण याला मी सोडलेलं नाही. ज्या हातानं सही केली, त्याच हातानं याला वाट मोकळी करायला लाव. तोवर आम्ही हलणार नाही."

कुणी आमेन म्हटलं नाही. सवयीनं सगळ्यांनी शवपेटीकडे पाहिलं.

कबर खोदून आलेल्या माणसाच्या हातातली पहार रणजितनं घेतली. विमलाबाई बाजूला झाल्या. सिक्युरिटीवाला "साहेब, साहेब" करत धावत आला, त्याच्याकडे रणजितनं पाहिलंही नाही. पहिला घाव बसला आणि विटेचा तुकडा विमलाबाईंच्या पायाशी येऊन पडला.

"आमेन," त्या म्हणाल्या, मथुराबाईंसारख्याच खणखणीत आवाजात. "थांबू नकोस. अजून मार."