कोंडवाड्यातली वांगी

सदर महिला नामे अमीनाबी जौजे शेख सईद, वय अंदाजे पन्नास, धंदा गाद्या भरणे, हिने सार्वजनिक कोंडवाड्याच्या मोकळ्या व निरुपयोगी जागेवर वांगी, मेथी, गवार, अंबाडी व तत्सम स्वरूपाचे अतिक्रमण एकटीने केलेले असून, सदर महिलेचा स्वभाव तापट व शासकीय कामकाजात असहकार्य करण्याचा आहे.

स्वभावाबद्दल पंचनाम्यातलं ग्रामसेवकांचं निरीक्षण बिनचूक होतं. बाकी 'मोकळ्या', 'निरुपयोगी' आणि 'एकटीने' हे शब्द खोटे होते. पण ते खोडायचा अधिकार अमीनाबीला नव्हता, आणि ज्यांना होता त्यांना ते सोयीचे होते.

सुलतानपूर-बीबी रस्त्यावरून आत वळलं की हे गाव लागतं. कोंडवाडा म्हणजे लोकांच्या पिकात शिरलेली मोकाट गुरं कोंडायची पंचायतीची जागा. गावात ट्रॅक्टर वाढले, गुरं आटली, फाटक कोणीतरी भंगारात घातलं आणि चार भिंतींच्या आत गावानं कचरा ओतायला सुरुवात केली. कोंबड्यांची पिसं, दारूच्या बाटल्या, लग्नातल्या पत्रावळ्या. हे अतिक्रमण सर्वपक्षीय असल्यामुळे कोणाच्या डोळ्यावर आलं नाही.

मग अमीनाबीची गाभण शेळी तिथलं प्लास्टिक खाऊन मेली. अमीनाबी तडक पंचायतीत गेली. गावाच्या सरपंच सिंधूताई; खुर्चीवर मात्र त्यांचे यजमान भगवानराव बसतात, आणि त्यात कोणालाही अतिक्रमण दिसत नाही.

"ठराव घिऊ, अमीनाबी," भगवानराव म्हणाले. "पुढच्या मीटिंगमंदी."

"शेळी मेली न् मंग ठराव? आता मी मरू का, मंग झाडू घ्यान?"

घरी नवरा सईद गादीला टाके घालत होता. "जाने दे ना अमीना, सरकारी काम है," तो म्हणाला. सईदची सगळी वाक्यं 'जाने दे'नं सुरू होत. अमीनाबीनं फावडं उचललं आणि ती कोंडवाड्यात गेली.

शेजारच्या रुक्मिणीबाईनं भिंतीवरून डोकावून पाहिलं. "काऊन वं अमीनाबी, खड्डा कोनासाठी खंदून राह्यली?"

"सरपंचासाठी."

"मंग जरा लांब खंद. भगवानरावाचे पाय बाहीर राहातीन."

एवढं बोलून ती गेली आणि स्वतःचं टोपलं घेऊन आली. कचऱ्याचा थर निघाला तशी खाली काळीभोर माती लागली. वर्षानुवर्षं कोंडलेल्या गुरांचं शेण-मूत तिच्यात जिरलेलं. रुक्मिणीबाईनं मूठभर उचलून हुंगली आणि म्हणाली, "बापा! ह्याच्यात त काठी खोसली तरी पालवी फुटन."

पुढच्या पावसाळ्यात तिथं गल्लीतल्या प्रत्येक घरचा एक वाफा होता. मोमीनांचा, माळ्यांचा, सुताराचा, शिवाय बौद्धवाड्यातल्या छायाचाही. सांबार, म्हणजे पुण्याकडची कोथिंबीर, इतकी झाली की लोक ती मागायला येऊ लागले. आणि भाजी आली तसं भांडणही आलं. छायाच्या वेलावरची दोडकी गेली. छायानं रुक्मिणीबाईचं नाव घेतलं, रुक्मिणीबाईनं छायाच्या माहेराचं. अमीनाबी मध्ये फावडं घेऊन उभी राहिली.

"जिले 'मायं मायं' करायचं तिनं घरी जाऊन करा! आजपासून आपल्या वाफ्याले आपला हात लावायचा नाही. शेजारीन तोडून देईन तेच घ्यायचं. कोनी 'मायं' म्हनलं त जीभ हासडीन."

धमकीतून निघालेला हा कायदा, पण टिकला. तोडणारा हात दुसरीचा, त्यामुळे चांगलं वांगं पानाआड लपवून ठेवणं बंद झालं. आपल्या वाफ्यातलं दुसरीच्या ओच्यात पडताना ते किडकं निघू नये, म्हणून प्रत्येकजणी जिवापाड निगा राखू लागली. आणि त्या चार भिंतींच्या आत 'माझं' हा शब्द मागे पडला. हे वांगं कोणाचं म्हटलं तर छाया म्हणायची रुक्मिणीबाईचं, रुक्मिणीबाई म्हणायची छायाचं. आणि अख्खी वाडी कोणाची म्हटलं, तर सगळ्या मानानं म्हणायच्या, अमीनाबीची.

इथवर ठीक होतं. मग गावाला उद्यान मंजूर झालं.

उद्यानाला जागा हवी होती, आणि जागा ओसाड असणं नियमात होतं. गावात ओसाड जागा भरपूर आहेत. पण त्या सगळ्या कोणाच्या ना कोणाच्या काकाच्या आहेत. तेव्हा ग्रामसेवक कोंडवाड्याचा पंचनामा करायला आले. सभ्य गृहस्थ. बूट भरू नयेत म्हणून ते बाहेरूनच विचारत होते. अमीनाबी त्या दिवशी सईदबरोबर पिंपळगावला लग्नघरच्या गाद्या भरायला गेली होती.

"ही वाडी कोणाची?"

"अमीनाबीची," रुक्मिणीबाई म्हणाली.

"आणि हा मेथीचा वाफा? तुमचा?"

"नाही जी. मायं काहीच नाही इथं."

छायाही तेच म्हणाली. सुताराची सून तर साहेब आपल्याला लोभी समजतील म्हणून लाजून दोनदा म्हणाली. एकेकीनं पंचनाम्याखाली अंगठा उठवला, सही केली. साहेबांना कोऱ्या चहाबरोबर ताजी मेथीही बांधून दिली. ती त्यांनी नेली.

नोटीस अमीनाबीच्या दाराला चिकटली. ती वाचून ती पहिल्यांदा रुक्मिणीबाईवर धावली.

"मायंच नाव काऊन सांगतलं वं साऱ्याइनं? एकटी मी खाऊन राह्यलो का?"

"मंग काय सांगू?" रुक्मिणीबाईही उसळली. "मायं म्हनू? तूच त म्हने, जीभ हासडीन!"

अमीनाबी नोटीस चुरगळून घरी परतली. ती भांडण अर्धवट टाकून आली असं सईदनं पहिल्यांदाच पाहिलं, आणि या वेळी 'जाने दे' तो मनातच म्हणाला.

नोटिशीत नाव एकच होतं आणि ते अमीनाबीचं होतं, एवढं पुरलं. गावाच्या व्हॉट्सॲप गटावर कोणीतरी टाकलं की सरकारी जागेवर 'त्या लोकांचा' कब्जा सुरू झाला आहे. ज्यांनी हिवाळाभर त्याच वांग्यांचं भरीत चापलं होतं, त्यांनीही खाली अंगठे उमटवले. भरतासाठी भाजताना वांग्याची जात कोणी विचारत नाही.

ग्रामसभेत अमीनाबी पुढे बसली. भगवानराव गोडीत आले. "तुमच्याच लेकराइसाठी करून राह्यलो, अमीनाबी. बाकडे येतीन, झुला येईन, झाडं येतीन."

"झाडंच त हाये बे तिथं!"

भगवानरावांना 'बे' म्हणायची हिंमत गावात फक्त त्यांच्या म्हाताऱ्या आईची होती. ग्रामसेवकांनी खाली मान घालून 'असभ्य वर्तन' लिहून घेतलं.

तेवढ्यात रुक्मिणीबाई उठली. पदर नीट केला, भिंतीकडे पाहिलं, आणि वाडीत कधीच मागे पडलेला शब्द घशातून ओढून काढल्यासारखी म्हणाली, "मायं बी हाये. मेथीचा वाफा माया हाये."

"बाई, तुम्हीच अंगठा दिलाय," ग्रामसेवक कागद उलटत म्हणाले, "की इथं तुमचं काही नाही."

"त्यो मान होता, साहेब."

"मान म्हणजे?"

रुक्मिणीबाईनं मागे वळून पाहिलं. सुताराची सून सासऱ्याकडे पाहत होती. छायाचा नवरा पंचायतीत पाणी सोडायच्या कामावर होता. छाया जमिनीकडे पाहत होती. कोणी उठलं नाही. अमीनाबीनं सगळ्यांवरून नजर फिरवली. तिला शिव्या भरपूर येतात, मराठीत आणि उर्दूत. त्या दिवशी तिनं एकही दिली नाही, आणि छाया सांगते, त्यापेक्षा फावड्यानं मारलं असतं तर बरं झालं असतं.

जेसीबी येणार होता त्याच्या आदल्या दुपारी बायका टोपल्या घेऊन वाडीत आल्या. ग्रामसभेत न उठलेल्याही आल्या. अमीनाबी भिंतीशी उभी होती.

"तोडा! आता त आपापलं तोडा, निघा!" ती ओरडली. "त्या जेसीबीले चारता का?"

कोणी आपल्या वाफ्याला हात लावला नाही. छायानं रुक्मिणीबाईची मेथी उपटली, रुक्मिणीबाईनं छायाची दोडकी उतरवली. अमीनाबीच्या वाफ्यातली वांगी छायाच तोडू लागली. अमीनाबीनं ती टोपली लाथेनं उडवली. छायानं वांगी एकेक करून पुन्हा गोळा केली आणि अमीनाबीच्या दारात नेऊन ठेवली. अमीनाबीनं ती आत घेतली नाहीत. बाहेरही फेकली नाहीत.

सदर अतिक्रमण संबंधित महिलेच्या सहकार्याने शांततेत निष्कासित करण्यात आले असून, सदर जागी निसर्गरम्य सार्वजनिक उद्यान विकसित करून ग्रामस्थांसाठी खुले करण्यात आलेले आहे.

उद्यानात एकही झाड नाही.